हानसाहेबांच्या बरणीतली तुळस

आता काय आहे, हा किस्सा मी आपणहून कधीच सांगत नाही. पण घरी कुणी चहाला आलं, की आमची सुधा कपबशा मांडता मांडता हळूच म्हणते, "अहो, ती बरणीची गोष्ट सांगा ना." मी नाही सांगितली तर ती सांगणार. आणि तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी, निदान माझी बाजू तरी मांडली जाते. माझी बाजू अशी काही नाहीच, हे पुढे कळेल तुम्हाला. पण पद्धत म्हणून मांडायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमधलं ट्रॉय गाव. तिथे तुम्ही कुणालाही विचारा, गाड्यांशी संबंध नाही असा माणूस सापडायचा नाही. मी एका कंपनीत ब्रेकची ड्रॉइंग्ज करायचो. शेजारच्या टेबलावर मिस्टर हान. कोरियन गृहस्थ, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. मी त्यांना तोंडावर मिस्टर हान म्हणायचो आणि मनात हानसाहेब. अतिशय अबोल माणूस! सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणाले की दुपारच्या जेवणापर्यंतचा कोटा संपला.

त्यांची बायको आजारी पडली, तेव्हा आमचं येणं-जाणं वाढलं. बाईंना काही जात नव्हतं. सुधाने एकदा मऊ भात आणि मेतकूट नेलं, तर ते मात्र त्या चवीने खायला लागल्या. मग रोजचंच झालं. मी ऑफिसातून येताना डबा द्यायचा, घटकाभर बसायचं, परत यायचं. बाई त्यातून उठल्या नाहीत. हानसाहेबांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि शिकागोला चुलतभावाकडे जायचं ठरवलं. एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात, त्याचं त्याचं आयुष्य.

जायच्या आदल्या शनिवारी ते आमच्याकडे आले. दोन्ही हातांत एक मोठं गाठोडं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, गाठ सोडली आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "काही नाही. जुनी बरणी आहे. वाकडी आहे. तुमच्या काही कामाची नाही. पण घ्या."

हे सगळं इंग्रजीत बरं का, मी आपलं मराठीत सांगतोय.

मी बरणीकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, मला हानसाहेबांचं म्हणणं शंभर टक्के पटलं! पांढरी म्हणावी तर पांढरी नाही, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या धोतराचा रंग. पोट हे एवढं सुटलेलं, आणि तेही एका बाजूला कललेलं. दोन वाडगे एकमेकांवर पालथे घालून चिकटवावेत तसा मधोमध सांधा. पोटावर तपकिरी रंगात एक ड्रॅगन रंगवलेला. त्याचे डोळे बाहेर आलेले, मिशा फिस्कारलेल्या, चेहऱ्यावर शिंक येता येता अडकल्यासारखा भाव. रंगवणाऱ्याला घाई असावी. शेपटी तर त्याने दोन फटकाऱ्यांत उरकली होती.

"थँक यू," मी म्हटलं. "राहू दे, कशाला तरी उपयोगी पडेल."

हानसाहेब काहीतरी बोलणार होते. पण त्यांचा कोटा संपला असावा. ते वाकून नमस्कार करून गेले.

आता तुळशीकडे येऊ. सुधाने माहेरच्या, आईने लावलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या रुमालात बांधून आणल्या होत्या आणि त्यातून अमेरिकेत रोप उगवून दाखवलं होतं. मिशिगनमध्ये तुळस जगवणं म्हणजे काय चेष्टा आहे? उन्हाळाभर मागच्या अंगणात, आणि थंडीची चाहूल लागली की घरात, खिडकीपाशी. ती तुळस होती रंगाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बादलीत. सुधाला ते फार लागायचं. रोज संध्याकाळी दिवा लावायचा, आणि समोर बादलीवर लिहिलेलं काय, तर 'एक्स्टीरियर व्हाइट'.

"ही बरणी किती छान दिसेल हो तुळशीला," ती म्हणाली. "पण पाणी कुठून जाणार? मुळं कुजतील."

"एक भोक पाडलं की झालं!"

"अहो, कुणीतरी प्रेमाने दिलेली वस्तू..."

"ते स्वतःच म्हणाले ना, काही कामाची नाही? आता कामाला येईल!"

मंडळी, चिनी मातीला भोक पाडणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. साधं ड्रिल लावलंत तर ताडकन तडा जातो. मी खास काचेला भोक पाडायचं पातं आणलं. गराजमध्ये जुन्या उशांवर बरणी पालथी घातली. बुडावर कणकेची गोल कड केली, त्यात पाणी ओतलं, म्हणजे पातं तापणार नाही. आणि हळूहळू, श्वास रोखून, अगदी मधोमध, भोक पाडलं. कुठे टवका नाही, कुठे तडा नाही. नुसतं बघत राहावं असं भोक! त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी बरणी कलती करून ते दाखवायचो. वरचा ड्रॅगन कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

तुळस फोफावली. सुधा रोज हळदीकुंकू वाहायची, ते नेमकं ड्रॅगनच्या कपाळावर. तोही बिचारा हळूहळू आमच्यातलाच दिसायला लागला.

मग आलं तुळशीचं लग्न. ते आमच्याच घरी करायचं ठरलं. वृंदावनावर 'राधा-दामोदर प्रसन्न' असं लिहायची आपल्याकडे रीत. गेरू कुठून आणणार ट्रॉयमध्ये? पण माझ्याकडे गाडीचे ओरखडे बुजवायचा लाल रंग होता! ड्रॅगनच्या मागची बाजू कोरीच होती. मी बारीक ब्रश घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'राधा-दामोदर प्रसन्न'. वर वेलबुट्टी, खाली दोन कमळं. सगळ्यांनी वाहवा केली. कुणी म्हणालं, "साठे, तुमच्या हातात कला आहे हो!" मी मान खाली घालून म्हटलं, "छे छे, कसली कला, आपलं काहीतरी गिरगटलंय झालं."

हे माझं वाक्य जरा ध्यानात घ्या. मी कला नाही म्हटलं, म्हणजे मला ती नाही असं वाटत होतं की काय? अजिबात नाही!

फेब्रुवारीत आमच्या अंजूला शाळेचा काहीतरी प्रकल्प होता, म्हणून मी तिला डेट्रॉइटच्या संग्रहालयात घेऊन गेलो. अंजू तेव्हा बारा वर्षांची. मी एका बाकावर पाय पसरून बसलो होतो. इतक्यात पलीकडच्या दालनातून आवाज आला.

"बाबा! कम क्विक! दे हॅव अवर तुळस पॉट!"

मी हसत हसत गेलो. गेलो, आणि बघतो तर काय!

काचेच्या कपाटात, वरून मंद दिवा सोडलेली, एकटीच, आमची बरणी. म्हणजे तिची सख्खी बहीण. तेच सुटलेलं पोट, तोच मधला सांधा, तसंच वाकडेपण. तोच शिंक अडकलेला ड्रॅगन. खाली पाटी: कोरिया, सतरावं शतक, पोर्सेलिन, लोहाच्या तपकिरी रंगातलं चित्रण. आणि पुढे लिहिलं होतं, की हातच्या घडणीमुळे आलेला किंचित कल आणि कुंचल्याचे हे मोकळे फटकारे हेच या बरण्यांचं सौंदर्य मानलं जातं.

मी गुडघ्यांवर बसलो आणि कपाटाच्या खालून बघायला लागलो.

"सर, प्लीज स्टेप बॅक," रखवालदार म्हणाला. "कॅन आय हेल्प यू?"

काय मदत करणार होता तो? मला एवढंच बघायचं होतं, की हिच्या बुडाला भोक आहे का. नव्हतं.

घरी आलो. सुधाला सांगितलं, तर ती तिथेच खुर्चीवर बसली. म्हणाली, "मी म्हटलं होतं." बायकोने उच्चारलेल्या या तीन शब्दांना जगात उत्तर नाही. मी म्हटलं, "हानसाहेब गेले शिकागोला. त्यांना कोण सांगायला जातंय?"

एप्रिलमध्ये हानसाहेबांचा फोन आला.

एवढं बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. कोरियातून, सोलहून त्यांची धाकटी बहीण आली होती, कितीतरी वर्षांनी. दोघं गाडीने येणार होते. "तिला बरणी बघायची आहे," ते म्हणाले. "आमच्या आईची. पन्नास सालच्या लढाईत उत्तरेकडचं घर सोडलं, तेव्हा घरातली तेवढीच एक वस्तू आमच्याबरोबर आली. माझा मुलगा म्हणाला, डॅड, इट्स क्रुकेड. मग मला तुमच्याकडची ती तांब्याची घागर आठवली, मिसेस साठे दर आठवड्याला लिंबू लावून घासतात ती. मी म्हटलं, या घरात जुनी वस्तू नीट राहील. तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त असतो. येत्या रविवारी चालेल?"

"हो, हो, या ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला. आपण तरी काय करतो हो? सकाळपासून राबून पुरणपोळी, कटाची आमटी, दोन भाज्या, कुरडया करतो, आणि पाहुण्यांना म्हणतो, 'काही विशेष नाही, गोड मानून घ्या.' पाहुणा कधी 'बरं, विशेष नाही ना, मग राहू दे' म्हणून उठून जातो का? त्याला कळतं. ज्याने आयुष्यभर हीच भाषा ऐकली, बोलली, त्याला ती दुसऱ्याच्या तोंडून ओळखू येऊ नये? हानसाहेब आईचा जीव माझ्या टेबलावर ठेवून 'काही नाही' म्हणाले, आणि मी ते खरं धरलं. मला माझी फार लाज वाटली. आजही वाटते.

पण लाज वाटली म्हणून माणूस शहाणा होतो असं नाही. शनिवारी मी थिनरचा डबा आणि फडकं घेऊन बसलो. म्हटलं, निदान अक्षरं तरी पुसू. चार घासे मारले आणि मनात आलं, ह्याच्याबरोबर ड्रॅगनही पुसला गेला तर? घाबरून हात थांबवला. बघतो तर राधा-दामोदर जसेच्या तसे, 'प्रसन्न' तेवढं गेलेलं!

"हात लावू नका!" सुधा ओरडली. "आता कशाकशाला हात लावू नका!"

"तुळस उपटून भोक बुजवतो. गाडीचे पोचे भरायची लांबी आहे माझ्याकडे..."

"मुळांनी बरणी भरलीय सगळी. उपटलीत तर तुळस तरी मरेल, नाहीतर बरणी तरी फुटेल. आणि दोन्हींत कुणाची तरी आई आहे." तिने थिनरचा डबा उचलून बाजूला ठेवला. "सरळ खरं सांगा त्यांना."

"सांगतो," मी म्हटलं. "आले की लगेच."

रविवारी संध्याकाळी ते आले. हानसाहेब वाळले होते. बहीण ठेंगणी, करड्या रंगाचा सूट, इंग्रजी अजिबात नाही. बूट काढून आत आल्या आणि मी तोंड उघडायच्या आत थेट खिडकीपाशी गेल्या. सुधाने नुकताच दिवा लावला होता. तुळशीच्या पानांची सावली ड्रॅगनवर हलत होती. कपाळावर हळदीकुंकू. उदबत्ती.

बाईंनी बरणी पाहिली. मग त्या गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कपाळ हातांवर टेकवून बरणीला नमस्कार केला. उठल्या तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं.

"साठे, आता सांग," मी मनात म्हटलं. तेवढ्यात हानसाहेब बरणीच्या मागे वाकले.

"मागे काय लिहिलंय?" हानसाहेबांनी विचारलं.

"देवाचं नाव," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्यांनी बहिणीला सांगितलं. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलल्या. हानसाहेबांनी भाषांतर केलं. "ती म्हणते, तुम्ही आमच्या आईला देवाजवळ ठेवलंत. रोज दिवा लावता. आम्ही स्वतःसुद्धा एवढं केलं नसतं."

आणि मंडळी, मी काय केलं असेल? मी मान खाली घालून म्हटलं, "छे छे, एवढं काही नाही हो!"

सुधाने माझ्याकडे अशी नजर टाकली, की दिव्याची गरज राहिली नाही.

पण हानसाहेब शेवटी इंजिनीअर. डोळे पुसता पुसता त्यांचं लक्ष रोपाकडे गेलं. रोपावरून मातीकडे. मातीवरून बरणीखालच्या ताटलीकडे, जिच्यात सकाळचं पाणी साचलं होतं. ते थोडा वेळ बघत राहिले.

"मिस्टर साठे," ते म्हणाले. "पाणी कुठून जातं?"

संपलं! मी सांगितलं. सगळं सांगितलं. बादली, पातं, कणकेची कड, लाल रंग, संग्रहालय, थिनर. शेवटी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता, काही कामाची नाही."

"मग काय म्हणायला हवं होतं?" हानसाहेबांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "ही माझी सगळ्यांत मोलाची वस्तू आहे, नीट सांभाळा, असं? देताना असं कुणी म्हणतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडेही नाही म्हणत."

ते खिडकीकडे वळले. बहीण दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिने त्यांची बाही ओढली. त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. बाईंचे डोळे विस्फारले. त्या वाकल्या, ताटली सरकवली, करंगळी खालून भोकात घालून बघितली. आणि हसायला लागल्या! हसता हसता तिथेच जमिनीवर बसल्या. सुधा घाबरून पाणी घेऊन आली.

मग त्या बोलायला लागल्या आणि हानसाहेब, नाइलाजाने, इंग्रजीत सांगायला लागले.

"घर सोडलं तेव्हा थंडी होती. ती सात वर्षांची. माझ्याकडे तांदळाचं पोतं. आईने बरणी गोधडीत गुंडाळून पाठीशी बांधली होती. लोकांना वाटायचं, तान्हं बाळ आहे. वाट करून द्यायचे. एका ट्रकवाल्याने तर बाळाची आई म्हणून आईला पुढे बसवून घेतलं काही अंतर. आम्ही दोघं मागून चालत. हिचे पाय फुटले होते. ही रडून म्हणायची, मला घे ना पाठीवर. आई म्हणायची, तुला पाय आहेत, हिला नाहीत."

ते थांबले. बाई मातीत बोट फिरवत पुढचं बोलल्या.

"पुढे मोठी झाल्यावरसुद्धा हिला ही बरणी बघवत नसे. एकदा खिळा घेऊन फोडायला गेली होती. आईने मारलं. आईने त्यात कधी काही ठेवलं नाही. मीठ नाही, तांदूळ नाही. रिकामी ठेवायची आणि पुसायची." हानसाहेबांनी घसा खाकरला. "ती तुम्हाला विचारते आहे... भोक पाडताना कसं वाटलं?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? तीन माणसं माझ्याकडे बघत होती. पण त्या दिवशी एकदा खरं बोलायची सवय लागली होती.

"फार छान वाटलं," मी म्हटलं.

हे भाषांतर झाल्यावर बाई इतक्या हसल्या, की सुधाही हसली. हानसाहेब हसले नाहीत. पण त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि चहा मागितला. मी बरणी परत न्या म्हणून विनवलं. त्यांनी बहिणीला विचारलं. तिने तुळशीचं एक पान हुंगलं आणि मान हलवली. तिचं म्हणणं पडलं, की इतक्या वर्षांत या बरणीने पहिल्यांदा कुणाला तरी पाठीवर घेतलंय, आता उतरवू नका.

निघताना दाराशी बूट घालताना बाई सुधाला पोटाशी धरून बराच वेळ काहीतरी बोलत होत्या.

"काय म्हणाल्या?" मी हानसाहेबांना विचारलं.

"ती म्हणते, आई असती तर तिने मिसेस साठेंना आपल्याबरोबर ट्रकमध्ये बसवून घेतलं असतं."

"आणि मला?"

हानसाहेबांनी बुटाची नाडी सावकाश बांधली. उभे राहिले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिल्यांदाच, अगदी जरासे, हसले.

"तुम्हाला पाय आहेत."